घरातला कागद बदलताना: माझा अनुभव

घरातलं प्लास्टिक कमी करायचं मनावर घेतलं तेव्हा लक्षात आलं की प्लास्टिक गेलं आणि त्याच्या जागी सगळीकडे कागद येऊन बसलाय. किचन रोल, टिश्यू, टॉयलेट रोल, कागदी प्लेट, कागदी कप. कागद म्हणजे चांगलाच असं आपण धरून चालतो, पण जो कागद एकदा हात पुसून लगेच कचऱ्यात जाणार त्याच्यासाठी नवीन झाड कशाला तोडायचं? मी सगळी निवड याच एका प्रश्नावर केली.

सुरुवात किचन रोलपासून. आमच्याकडे तो सगळ्यात जास्त तळणाचं तेल टिपायला लागायचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं आम्ही सरळ पेपरवर काढायचो." पण छपाईची शाई पोटात जाते म्हणून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने 2016 मध्येच सांगितलंय की खायचे पदार्थ वर्तमानपत्रात ठेवू नका, त्यामुळे ते नको. मग ताटावर स्टीलची चाळणी ठेवून भजी, वडे त्यात निथळत ठेवायला लागलो, तेल खाली जमतं आणि भजी मऊही पडत नाहीत. ओटा पुसायला जुन्या सुती साडीचे चौकोन कापून कडा शिवून घेतल्या. एवढ्यावर किचन रोल जवळजवळ बंदच झाला.

टिश्यू आणि टॉयलेट रोलला मात्र वेळ लागला, कारण पाकिटावर पुढे हिरवं पान असतं आणि कामाची माहिती मागे बारीक अक्षरात. बऱ्याच पाकिटांवर 'शंभर टक्के व्हर्जिन पल्प' असं मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असतं, म्हणजे सगळा नवीन लगदा, एकदाही न वापरलेला. मला हवा होता रद्दीपासून केलेला. कागदाचा धागा प्रत्येक फेरीत आखूड होत जातो, साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर त्याचा चांगला कागद होत नाही, आणि टिश्यूला लांब धागा लागतोच असं नाही, म्हणून ही जागा रद्दीचीच आहे असं माझं ठाम मत झालं. एफएससी, म्हणजे जंगलं नीट राखून केलेल्या कागद-लाकडाला मिळणारा शिक्का, बघताना नुसतं झाडाचं चित्र बघू नका, खाली 100%, मिक्स की रिसायकल्ड काय लिहिलंय ते वाचा, तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. आणि रंग! पांढराशुभ्र कागद हवा तर ब्लीच आलंच. पूर्वी सर्रास क्लोरीन वायू वापरायचे, त्यातून डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन तयार होऊन पाण्यात जायचं. आता बऱ्याच गिरण्या क्लोरीन डायऑक्साइड वापरतात, तो कागद ईसीएफ (म्हणजे क्लोरीन वायूशिवाय), आणि क्लोरीन कुठल्याच रूपात अजिबात नसेल तर टीसीएफ. आम्ही आता थोडा करडा दिसणारा रोल ऑनलाइन मागवतो, घरात कुणाचीही तक्रार नाही.

बांबूचा रोलपण बघितला. बांबू तोडला तरी परत फुटतो ते खरंच, पण तो कुठून आला हे पाकिटावर नव्हतं. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की आमचा माल पर्यावरणपूरक आहे. गावाचं, देशाचं नाव नाही, मग मी तो घेतला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, 'इको फ्रेंडली', 'ग्रीन' म्हणायचं तर पुरावा हवा, त्यामुळे विचारायला बिनधास्त विचारा.

कागदी कपाचं मुलांना करूनच दाखवलं. कप फाडून रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी अंगठ्याने चोळला तर कागदाचा लगदा निघून आला आणि हातात एक पातळ पारदर्शक पापुद्रा राहिला. ते प्लास्टिक. मुलगी तो उजेडात धरून किती वेळ बघत होती. तेव्हापासून घरातल्या कार्यक्रमाला स्टीलचे पेले काढतो, धुवायला सगळे मिळून लागतो.

सत्यनारायणाला पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण आणले, आमटीला दोन द्रोण एकात एक घालायचे म्हणजे गळत नाही. उसाच्या चिपाडाच्या प्लेटपण चांगल्या, पण तेल-पाणी झिरपू नये म्हणून काहींमध्ये पीएफएएस नावाची, सहजासहजी नष्ट न होणारी रसायनं असतात, म्हणून ती नाहीत असं स्पष्ट लिहिलेल्याच घ्या.

कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी एक नीट समजावलं, की खरकटा, तेलकट कागद रद्दीत चालत नाही, त्याने बाकीची रद्दीपण खराब होते. असा कागद आम्ही फाडून खताच्या डब्यात टाकतो. दुकानातली गुळगुळीत बिलं तर रद्दीतही नाही आणि खतातही नाही, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो, म्हणून शक्य तिथे बिल मोबाईलवर मागते. आणि आहेराची पाकिटं पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणते, 1940 पासूनची संस्था, सुती चिंध्यांपासून कागद करतात, हातात घेतला की जाडसर खरखरीतपणा लगेच कळतो.

अडलंय एकाच ठिकाणी, रद्दीपासून केलेला टॉयलेट रोल आमच्या जवळच्या एकाही दुकानात मिळत नाही, खोका भरून ऑनलाइनच मागवावा लागतो. वाण्याला सांगून ठेवलंय, सोसायटीतली अजून चार-पाच घरं घेणार असतील तर आणतो म्हणालाय, आता त्या घरांशी बोलणं चालू आहे.