‘दुरुस्त करू की दुसरा घेऊ?’

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि एकदाचंच. वडोदऱ्यातला दांडिया बाजार, रावपुरा, कुठल्यातरी कपाटातून आजोबांचा याशिका इलेक्ट्रो 35 हा फिल्म कॅमेरा निघतो आणि हा प्रश्न येतो. भाव सगळे विचारतात, बिघाड कोणी सांगत नाही.

हे मॉडेल 1966 चं. ‘दुसरा’ घेतलात तरी तोही म्हाताराच. त्याच्याही मागच्या झाकणाच्या खाचांतल्या, प्रकाश अडवणाऱ्या फोमचं डांबर झालेलं असणार. नवाकोरा हवा तर 2024 चा पेंटॅक्स 17 आहे, पण तो अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे फिल्मच्या एका चौकटीत दोन फोटो, आणि अंतर अंदाजाने लावायचं. ज्याला आजोबांसारखा फोटो हवा त्याचं त्यावर समाधान होत नाही.

म्हणून आधी तपासा. मूळची 5.6 व्होल्टची पारा-बॅटरी मिळत नाही. 6 व्होल्टची 4एलआर44 चालते, ती लहान म्हणून कागदाची नळी आणि स्प्रिंग घालून. सेल फुटून आलेला हिरवा गंज सेलला टेकणाऱ्या पट्टीवरच असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने जातो, तारेत शिरला असेल तर तार बदलावी लागते. मग फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढा. शेवटी ‘ठक्’ ऐकू आलं पाहिजे. नाही आलं तर आतली रबरी गादी झिजली. गादी चिमुकली, पण तिथवर पोचायला कॅमेरा उघडावा लागतो. तरीही ते काम करण्यासारखं आहे.

न करण्यासारखं काय, ते एका इलेक्ट्रोने शिकवलं. शटरची पानं, म्हणजे प्रकाश अडवणारी पातळ पाती, चिकटली म्हणून मालकाने शटरमध्ये शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं. दोन दिवस छान चाललं म्हणे. चालणारच! नंतर तेल पसरून पानं एकमेकांना चिकटली. लेन्समधलं पानांचं शटर कोरडंच चालतं, थेंबभर तेलही त्याला भारी. मी पुढचा भाग काढून पानांवर लायटरचं पेट्रोल इअरबडने लावलं, शटर दाबलं, पुसलं. लगेच उघडू लागलं, म्हणजे फसवणूकच: पेट्रोल उडालं की विरघळलेलं तेल परत तिथेच बसतं. चार वेळा धुतलं, दर खेपेला रात्रभर सुकवलं, तेव्हा सुटलं. आणि मग टॉर्च लावला तर मागच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. वडोदऱ्याचा पावसाळा आणि चामड्याची पेटी, दुसरं काय होणार? हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणाने बुरशी गेली, पण तिने खाल्लेला काचेवरचा लेप गेला तो गेलाच.

टॉर्च आधी का नाही लावला, हे मला विचारू नका. तेव्हा माझं ठाम मत होतं की शटर सुटलं की कॅमेरा वाचला. आता म्हणतो, आधी भिंग. पण त्याच इलेक्ट्रोचे सावलीतले फोटो नेटके येतात. उन्हाकडे तोंड केलं की धूसर. मालक खूश आहे, मला ती दुरुस्ती वाटत नाही.