भुताचा ताळेबंद

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात भुताला कुणी हिंग लावूनही विचारत नाही. लोकांना पहाटे पाचला उठायचं असतं, वजन उतरवायचं असतं, खर्च लिहून ठेवायचा असतो आणि हे सगळं कसं करावं ते सांगणारी पुस्तकं पुढच्या फळीवर आलेली असतात. भयकथा मागे सरकते. स्वतः लिहिणारा, स्वतः छापणारा आणि स्वतःच विकणारा भयकथालेखक या दिवसांत काय करतो? वही उघडून हिशेब करतो. वाचकाला वाटतं, हा माणूस रात्री बारानंतर मेणबत्ती लावून बसत असेल. प्रत्यक्षात तो सकाळी अकरा वाजता परत आलेल्या प्रती मोजत असतो आणि त्यातल्या किती प्रतींचे कोपरे दुमडलेत ते वेगळं लिहीत असतो.

या हिशेबात पहिला चकवा तारखांचा. भयकथांचा जगभरचा ऑनलाइन खप ऑक्टोबरात चढतो, कारण महिनाअखेरीला हॅलोविन असतं. किंडलसारखी ई-पुस्तकांची दुकानं महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी पैसे देतात. म्हणजे ऑक्टोबरची कमाई डिसेंबरच्या शेवटी खात्यात येते आणि 1 जानेवारीला पासबुक गुटगुटीत दिसतं. याच भरात नवीन चित्रकार ठरतो, जाड कागद ठरतो, दोन पुस्तकांची घोषणाही होऊन जाते. मग मार्चअखेर जानेवारीची विक्री जमा होते, तेव्हा कळतं की कागद जरा पातळही चालला असता. उपाय सोपा आहे. वहीत ‘विक्रीचा महिना’ आणि ‘जमेचा महिना’ असे दोन वेगळे रकाने आखायचे आणि खर्च ठरवताना फक्त पहिल्याकडे बघायचं.

छापील प्रतींचं गणित आणखी निसरडं. विक्रेत्याकडे ठेवलेली प्रत विकलेली नसते, नुसती बाहेरगावी गेलेली असते. ती परत येईपर्यंत तिला जमेत धरायचं नाही. एवढं पथ्य पाळलं तरी निम्मे घोटाळे टळतात.

स्वखर्चानं भूत छापण्याची परंपरा मात्र चांगलीच खानदानी आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सनं ‘अ ख्रिसमस कॅरल’ हे भुतांच्या गोष्टीचं पुस्तक 1843 साली काढलं तेव्हा निर्मितीचा खर्च त्यानं स्वतःच्या अंगावर घेतला होता. 19 डिसेंबरला पुस्तक आलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिली 6,000 प्रतींची आवृत्ती संपली. त्याला 1,000 पौंडांची आशा होती, हातात पडले 230. कारण काय? रंगीत चित्रं, सोनेरी कडा, कापडी बांधणी आणि किंमत मात्र फक्त पाच शिलिंग. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1844 मध्ये, एकानं त्याची चोरटी आवृत्ती बाजारात आणली. डिकन्स कोर्टात गेला, खटला जिंकला, पण समोरच्यानं दिवाळं काढलं आणि दाव्याचा सुमारे 700 पौंडांचा खर्च डिकन्सच्याच गळ्यात पडला. गोष्टीतल्या तीन भुतांनी एका कंजूष माणसाला सुधारलं, लेखकाच्या ताळेबंदाला काही त्यांचा उपयोग झाला नाही. बांधणीवर हात सैल सोडण्याआधी प्रत्येक भयकथालेखकानं हे आकडे बघून घ्यावेत.

हिशेबाची ही सवय चांगली, पण ती टेबलावरून कथेत शिरली की घात करते. जमाखर्चात प्रत्येक रकमेला कारण लागतं. भुताच्या गोष्टीत नेमकी एक रक्कम अशी हवी की जिचा ताळा शेवटपर्यंत लागत नाही. एकच. शून्य असेल तर ती रहस्यकथा झाली, पाच-सहा असतील तर गोंधळ. जानेवारीत दिवसभर पावत्या लावलेला लेखक संध्याकाळी लिहायला बसतो, तेव्हा त्याचा हात आपोआप खुलासे लिहू लागतो. या महिन्यात लिहिलेल्या पहिल्या खर्ड्यांत ‘त्याचं असं झालं होतं की’ हे शब्द जास्त सापडतात, असा माझा संशय आहे.

उदाहरणच घेऊ. एक बंद घर आहे, मालक परगावी. पाण्याचं मीटर मात्र महिन्याला 450 लिटर पुढे सरकतं. इथपर्यंत भीती नाही, गळती आहे. प्लंबर येतो, फ्लशच्या टाकीचा वायसर बदलतो. पुढच्या महिन्यात पुन्हा 450. आता आकडा बोलायला लागतो, कारण गळती कधी इतकी नेमकी नसते. 30 दिवसांनी भागलं तर रोज 15 लिटर येतात, म्हणजे एक बादली. मग मीटरच सदोष ठरवून नवीन बसवतात आणि मुख्य व्हॉल्व्हही बंद करतात. तिसऱ्या महिन्यात काटा जागचा हलत नाही. मालक सुटकेचा श्वास सोडून न्हाणीघरात डोकावतो, तर साबण ओला.

गोष्ट इथे थांबवायची. मोह होतो पुढे लिहायचा, की त्या न्हाणीघरात अमुक सालात एक सून घसरून गेली होती वगैरे. ते एक पान लिहिलं की साबणाचा हिशेब लागतो, आणि हिशेब लागला की वाचक दिवा घालवून शांत झोपतो. आधीची दोन कारणं मात्र नीट, खरीखुरी द्यावी लागतात. वायसर आणि मीटर या दोन पायऱ्या गाळून थेट ओल्या साबणावर उडी मारली, तर वाचक स्वतःच वायसरचं कारण शोधतो आणि लेखकाला मूर्ख ठरवतो. वाचकाच्या मनात येणारं प्रत्येक शहाणं कारण कथेतल्याच कुणीतरी आधी तपासून बाद करायचं असतं.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीला या शहाण्या कारणांची उजळणी करून ठेवलेली बरी, कारण वाचकाला ती दरवर्षी जास्त माहीत होत जातात. रात्री गारवा पडला, हवेतला दमटपणा बदलला की लाकूड आकसतं आणि जिना करकरतो. झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्नं पडतात त्यात शरीराचे स्नायू सैल, निश्चल झालेले असतात. त्यातच मेंदू अर्धवट जागा झाला की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं आणि ओरडताही येत नाही. विक टँडी या इंग्रज अभियंत्यानं 1998 साली लिहिलेला लेख तर या धंद्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. त्याच्या प्रयोगशाळेत लोकांना अंगावर काटा येई, त्याला स्वतःला डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली, आणि मूळ निघालं नव्यानं बसवलेल्या पंख्यात. पंख्यामुळे खोलीत सुमारे 19 हर्ट्झची, कानाला ऐकू न येणारी कंपनं उभी राहत होती. त्याच्याही आधी, 1921 साली, नेत्रवैद्यकाच्या एका अमेरिकन नियतकालिकात पछाडलेल्या घराची हकिकत छापून आली होती. घरातल्यांना पावलं ऐकू येत, माणसं दिसत. बिघडलेल्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता.

ही माहिती भुताच्या जिवावर उठलेली नाही, उलट फार कामाची आहे. पंखा बंद करा, भट्टी दुरुस्त करा, आणि त्यानंतरही कुणीतरी जिना उतरू द्या. फक्त दोन्ही कारणं एकाच कथेत कोंबू नयेत, नाहीतर कथेची विज्ञानपुरवणी होते.

1 जानेवारीला आणखी एक गोष्ट घडते आणि तिची फारशी बातमी होत नाही. लेखनाच्या हक्काची मुदत वर्षाच्या शेवटी संपते, त्यामुळे दरवर्षी याच दिवशी जुन्या लेखनाचा एक गठ्ठा सर्वांसाठी खुला होतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, युरोपातल्या बहुतेक देशांत 70, आणि अमेरिकेत जुन्या छापील पुस्तकांना प्रकाशनापासून 95 वर्षं असा हिशेब आहे. एकाच कथेचं भूत एका देशात मोकळं आणि दुसऱ्या देशात अजून कोठडीत असू शकतं. जगभर विकायचं असेल तर दोन्हीकडची तारीख बघायला लागते. मूळ कथा खुली झाली तरी तिचा नवा अनुवाद खुला होत नाही, आणि इथेच बहुतेकजण अडकतात. हडळ, मुंजा, वेताळ यांच्यावर कुणाचाच हक्क नाही, ते हवे तेवढे घ्यावेत. तरी माझं मत विचाराल तर प्रसिद्ध भूत फुकट मिळालं म्हणून घेऊ नये. त्याचं घर कसं बांधलंय, दार कितव्या पानावर उघडतं, तेवढं बघून यावं.

आता वेळापत्रक. पुस्तक ऑक्टोबरच्या सुरुवातीला विक्रीला हवं असेल तर कॅलेंडर उलटं वाचायचं. सप्टेंबर छपाईला आणि प्रती पोचवायला, ऑगस्ट मुद्रितशोधनाला, जुलै संपादकाला, जून दोन-तीन परखड वाचकांना, मे महिना पुनर्लेखनाला. एप्रिल मुद्दाम रिकामा ठेवायचा, हस्तलिखित कपाटात. लिहिणाऱ्याला आपल्याच गोष्टीची भीती वाटत नाही, निदान वाक्यं विसरण्यापुरता वेळ जाऊ द्यावा लागतो. म्हणजे लिहायला उरतात जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. चार हजार शब्दांच्या बारा कथा म्हणजे 48,000 शब्द, महिन्याला चार कथा. आकडा सोपा दिसतो, पण आठवड्याला एक भूत हा वेग कुणालाच झेपत नाही. आठ कथा नव्या आणि चार आधी कुठे कुठे छापून आलेल्या, असा संग्रह जास्त खरा. त्या चारांचे हक्क आपल्याकडे परत आलेत का, हे जानेवारीतच पत्र पाठवून विचारावं. ऑगस्टमध्ये विचारलं तर उत्तर नोव्हेंबरात येतं.

डेमी आकारात पानाला साधारण 260 शब्द धरले तर हा मजकूर 185 पानांत बसतो. सुरुवातीची शीर्षकं, अनुक्रमणिका धरून 192, म्हणजे 16 पानांचे बरोबर बारा फर्मे (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले गठ्ठे). एखादी कथा दोन पानांनी वाढली की तेरावा फर्मा लागतो आणि शेवटी 14 कोरी पानं उरतात. भयकथांच्या पुस्तकात ती मुद्दाम सोडलीत असं समजणारे वाचकही भेटतात, पण छापखाना पैसे तेराव्या फर्म्याचेच घेतो. मागणीनुसार एकेक प्रत छापून घेणार असाल तर फर्म्याची चिंता नाही, तिथे कणा, म्हणजे दोन कव्हरांमधली पट्टी, डोकं खातो. किंडलच्या छपाईसेवेत क्रीम कागदाला पानामागे 0.0025 इंच धरतात. 200 पानांना कणा अर्धा इंच झाला. साडेपाच इंचांची दोन कव्हरं, मधला अर्धा इंच आणि दोन्ही कडांना कापणीसाठी पाव-पाव नव्हे, 0.125 इंच, अशी एकूण रुंदी 11.75 इंच होते. मुखपृष्ठ तयार झाल्यावर अक्षरं एका पॉइंटनं मोठी केली, की पानं वाढतात, कणा जाड होतो आणि पुस्तकाचं नाव हळूच मलपृष्ठाकडे सरकतं.

मुखपृष्ठावरचा काळोख हाही एक रोगच आहे. पडद्यावर धुकं, वाडा, खिडकीत उभी बाई, सगळं छान दिसतं, कारण पडदा मागून उजळलेला असतो. कागदावर त्याच चित्राचा चिखल होतो. मधल्या छटा थोड्या उजळवून एक नमुना प्रत काढल्याशिवाय पूर्ण आवृत्तीला हात घालू नये.

मुद्रितशोधनात मराठी भयकथेला एक खास शाप आहे. पायऱ्या, कोपऱ्यात, चेहऱ्यावर, वाऱ्यानं, पांढऱ्या: या गोष्टींचा अर्धा संसार अशाच शब्दांवर चालतो, आणि फाँट बदलला की या अर्ध्या ‘र’चा नेमका रफार होऊन बसतो. हा अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच, पण ‘शोधा’ला मात्र वेगळा वाटतो. त्यामुळे एका तऱ्हेनं शोधलं तर पायऱ्या निम्म्याच सापडतात. दोन्ही तऱ्हांनी शोधून फाईलभर एकच ठेवायची आणि हे काम छपाईच्या आदल्या रात्रीसाठी न ठेवता पहिल्या कथेपासून करायचं.

पहिली कथा जानेवारीअखेर हातावेगळी झाली की ती कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावी. चार हजार शब्दांना अर्ध्या तासाच्या थोडं वर लागतं. वाचताना जिथे श्वास अडकतो ते वाक्य लांब आहे, तिथल्या तिथे पेन्सिलीनं खूण करायची. ऐकणाऱ्याचा चेहरा बघत बसू नये, लोक भिडेखातर घाबरतात. त्याच्या प्रश्नाकडे मात्र कान द्यावा. ‘मग साबण कुणी वापरला?’ असं विचारलं तर उत्तर देऊ नये, चहा विचारावा. ‘पण शेजाऱ्यांकडे किल्ली नव्हती का?’ असं विचारलं, तर ते भोक कथेत खरंच आहे. ते शेवटी खुलासा करून बुजत नाही. तिसऱ्या पानावर, प्लंबर येतो त्याच्या आधी, कुलूप बदलल्याचं एक वाक्य घालायचं.