सगळेच खातात?

"मॅडम, न खाणारा मी एकटाच. चिठ्ठीवरून ओळखू येईल ना?"

दहावीच्या वर्गात आज निनावी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. दोनच प्रश्न. तू तंबाखू, मावा खातोस का? वर्गातले किती जण खात असतील? मागच्या बाकावरचा तो पोरगा हात आडवा धरून 'नाही' लिहीत होता. कॉपी लपवावी तसा.

मधल्या सुटीत चिठ्ठ्या उलगडल्या. बहुतेकांचा अंदाज अर्ध्या वर्गाच्या वर. आणि 'हो'च्या चिठ्ठ्या माझ्या एका मुठीत मावल्या. लपवणारे असतील काही, तरी एवढा फरक?

अमेरिकेत पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी १९८६ साली कॉलेजच्या मुलांमध्ये दारूबाबत हेच मांडलं होतं. सोबत्यांना दारूचं आपल्यापेक्षा कमी वावडं आहे, असं मुलांना वाटत होतं. खाणाऱ्याची पिचकारी भिंतीवर दिसते. न खाणाऱ्याचं काय दिसणार?

आणि आम्ही परिपाठात सांगतो, "आजकाल सगळी पोरं बिघडलीत." ते ऐकूनच कुणी पहिली पुडी फोडली असेल का? दुपारपासून हेच डोक्यात आहे.

उद्या चिठ्ठ्या वर्गासमोर मोजायच्या आहेत. मागच्या बाकावरच्या त्या पोरालाच मोजायला उभं करू का?