तुम्ही विचारलंत म्हणून: पेढ्याचं ऑपरेशन

"मांजराच्या लिव्हरचं ऑपरेशन? औषधावर नसतं का भागलं?" लिफ्टमध्ये, डेअरीवर, नणंदेच्या फोनवर, हे इतक्यांदा विचारून झालंय की एकदाच नीट लिहून टाकते.

पेढ्या आमचा एक्झॉटिक शॉर्टहेअर. पर्शियनचंच चपटं नाक, पण केस आखूड. १९६० च्या दशकात अमेरिकेत पर्शियन आणि अमेरिकन शॉर्टहेअरच्या संकरातून ही जात निघाली. आठ महिन्यांचा झाला तरी हा दिसायला चार महिन्यांचा. तोंडातून लाळ. डोळे चिंचेने घासलेल्या तांब्यासारखे. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: जातच तशी हो. चपटं तोंड म्हटल्यावर लाळ यायचीच. आणि डोळे? अहो, त्याचेच तर पैसे!

खाऊन झालं की थोड्या वेळाने तो भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा. नुसता उभा. आम्ही फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचो, "पेढ्याला शिक्षा झालीय." ते फोटो मी नंतर पुसून टाकले.

दुसऱ्या डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त घेतलं, खायला घातलं, दोन तासांनी परत घेतलं. रक्तातली पित्ताम्लं (पित्तातली आम्लं, जी चांगलं लिव्हर रक्तातून परत ओढून घेतं) दोन्ही वेळा वाढलेली, खाल्ल्यावर तर भलतीच. सीटी स्कॅनमध्ये शंट सापडला: जन्मापासूनची एक जादा शीर. आतड्याकडचं रक्त एरवी आधी लिव्हरमध्ये जातं, तिथे साफ होतं. ह्याचं बरंचसं रक्त लिव्हरला वळसा घालून पुढे निघून जायचं आणि प्रोटीन पचताना आतड्यात तयार होणारा विषारी अमोनिया थेट मेंदूपर्यंत. मांजरांमध्ये या आजाराच्या नेहमीच्या खुणा म्हणजे लाळ आणि तांबूस बुबुळं. ह्याच्या जातीत नेमक्या दोन्ही खपून गेल्या.

आता औषधाचं. ते दिलंच की, ऑपरेशनआधी सहा आठवडे. लॅक्टुलोजचं चिकट गोड सिरप आतड्यातला अमोनिया तिथेच अडकवतं. (मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे त्याच्या लेखी तो नुसता डिंक. माझे तीन कुर्ते गेले.) पण तेवढ्याने लिव्हरकडे रक्त वळत नाही आणि रक्ताविना ते खुरटलेलंच राहतं. प्रोटीन कमी करावं, तर मांजर मांसाहारी. फार कमी करून चालत नाही.

शीर एका झटक्यात बांधून टाकता येत नाही. लिव्हरच्या आतल्या शिरांना एवढ्या रक्ताची सवय नसते. एकदम दाब वाढला तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टरांनी शिरेभोवती सेलोफेनची पट्टी गुंडाळली. हो, सेलोफेनच. शरीराला ती परकी वाटते, तिच्याभोवती घट्ट ऊती तयार होत जाते आणि काही आठवड्यांत शीर हळूहळू आवळली जाते. लिव्हरला जुळवून घ्यायला वेळ मिळतो.

दुसऱ्या रात्री फिट आली. मांजरांमध्ये या ऑपरेशननंतर असं होतं, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, तरी माझे हात थरथरत होते. पुढचे दोन दिवस त्याला दिसत नव्हतं. पाण्याच्या वाटीत पाय घालून उभा राहायचा आणि ओरडायचा. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या कबुतराकडे त्याने मान वळवली, तेव्हा मी ह्यांना ऑफिसात फोन केला.

लाळ थांबली. वजन वाढलं. डोळे मात्र अजून तांब्याचेच आहेत; जातीचे की आजाराचे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.