मानाचं पान

कॅलिफोर्नियात सॅन सिमिऑनच्या टेकडीवर वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टचा वाडा आहे. त्याच्या भोजनगृहात पाऊल टाकल्या टाकल्या आई म्हणाली, "एवढा थाटमाट, आणि टेबलावर सॉसची बाटली?"

टेबल चांगलं लांबलचक. भिंतींना टेकून युरोपातल्या चर्चमधली कोरीव लाकडी आसनं, वर इटलीतल्या सिएना गावचे रेशमी झेंडे, टेबलावर चांदीची उंच शमादानं. आणि त्या चांदीच्या मधेमधे केचप आणि मोहरीच्या बाटल्या, दुकानातून आणल्या तशाच, लेबलासकट. सोबत कागदी नॅपकिन. ही काही आत्ताच्या लोकांची थट्टा नाही, हर्स्टच्या काळीही असंच मांडलेलं असायचं. त्याच्या वडिलांनी १८६५ साली ही जमीन घेतली, आणि पुढे कितीतरी वर्षं हे कुटुंब इथे तंबू ठोकून राहायला यायचं. १९१९ पासून ज्युलिया मॉर्गन या वास्तुविशारद बाईंकडून त्याने हा राजवाडा बांधून घेतला, तरी तोंडात शब्द 'रँच'च. तंबूत जेवायला बसल्यावर बाटली जशी हातोहात फिरते तशी इथेही फिरायची. फक्त हात असायचे चॅप्लिनचे, ग्रेटा गार्बोचे, क्लार्क गेबलचे.

आई पुढच्या दालनात गेली, मी तिथेच रेंगाळले. मला जुन्या हॉलिवुडचं जे वेड आहे ते खरं सांगायचं तर सिनेमांचं कमी आणि ह्या जेवणावळींचं जास्त आहे. कोण कोणाकडे जेवायला गेलं, कोण कोणाशेजारी बसलं, कोणाला बोलावणंच आलं नाही. आमचे हे याला 'गावगप्पा' म्हणतात. असतील. पण हॉलिवुडमध्ये याच गावगप्पांवर लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर या वर्तमानपत्रात सदर लिहिणाऱ्या दोन बायकांनी अख्खी इंडस्ट्री धाकात ठेवली होती. बेव्हर्ली हिल्समधल्या आपल्या बंगल्याला हेडाबाई स्वतःच 'भीतीने बांधलेलं घर' म्हणायच्या.

तर ही पंगत. पाहुणे लॉस एंजेलिसहून रेल्वेने सॅन लुईस ओबिस्पोला यायचे, तिथून मोटारीने डोंगरावर. वाटेत झेब्रे, कारण हर्स्टचं स्वतःचं प्राणिसंग्रहालय होतं. त्यातल्या झेब्र्यांचे वंशज खालच्या कुरणात आजही गाईगुरांबरोबर चरताना दिसतात. दारूवर हर्स्टची करडी नजर. रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी घरच्याच थिएटरात सिनेमा बघायचा. जेवताना हर्स्ट टेबलाच्या टोकाला न बसता मधोमध बसायचा, आणि त्याच्या समोर नटी मेरियन डेव्हिस. नवा पाहुणा या दोघांच्या जवळ. मग जसजसे दिवस जातील तसतसं त्याचं पान एकेक जागा सरकत टोकाकडे. कोणी तोंडाने 'आता निघा' म्हणायचं नाही. इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस १९३१ साली इथे येऊन गेला तेव्हा त्याने एका मित्राला लिहिलं होतं, की आणखी एक दिवस राहिलो असतो तर जमिनीवर बसून जेवायची पाळी आली असती. (आमच्याकडे लग्नात जमिनीवरच्याच पंगतीसाठी रुसवेफुगवे झालेले आहेत, पण ते असो.)

मेरियन डेव्हिसबद्दल मला जरा जास्तच माया आहे, म्हणून थोडं विषयांतर. हर्स्ट विवाहित होता, बायको मिलिसंट न्यूयॉर्कला. मेरियन त्याची सखी, आणि या वाड्याची यजमानीण. १९४१ साली ऑर्सन वेल्सचा, हर्स्टवरच बेतलेला मानला जाणारा 'सिटिझन केन' हा सिनेमा आला आणि त्यातली ती गाता न येणारी, दारू पिणारी, रडकी सुझन म्हणजेच मेरियन, असं जगाने ठरवून टाकलं. मेरियन उत्तम विनोदी नटी होती. १९२८ सालचे तिचे दोन मूकपट, 'द पॅट्सी' आणि 'शो पीपल', आजही खळाळून हसवतात. तिला जड, पोशाखी भूमिका द्यायचा हट्ट हर्स्टचा. आणि हा माणूस १९३०च्या दशकाच्या शेवटी कर्जात बुडाला तेव्हा स्वतःचे दागिने वगैरे विकून तिने दहा लाख डॉलर त्याच्या हातावर ठेवले. तिच्या आठवणींचं पुस्तक ती गेल्यानंतर १९७५ साली निघालं. त्याच्या प्रस्तावनेत खुद्द ऑर्सन वेल्सने लिहिलं की सुझनचा आणि मेरियनचा काही संबंध नाही. चौतीस वर्षांनी! लोकांच्या डोक्यातून सुझन काही गेली नाही ती नाहीच.

हे खूळ मला लागलं ते डोंबिवलीत. नव्वदच्या दशकात केबलवर दिवसा कार्टून नेटवर्क असायचं आणि रात्री त्याच चॅनेलवर जुने इंग्रजी सिनेमे दाखवणारं टीएनटी. टॉम आणि जेरी गेले की एमजीएम या हॉलिवुडच्या सिनेमा कंपनीचा सिंह डरकाळी फोडायचा. इतर घरांत त्या क्षणी पोरं भोकाड पसरायची, आमच्याकडे रिमोट आजोबांच्या हातात जायचा. ते फोर्टात एका विमा कंपनीत कारकून होते. धोबी तलावचं मेट्रो थिएटर १९३८ साली खुद्द एमजीएमने बांधलं. आजोबा तेव्हा शाळकरी. पिक्चरपेक्षा आतली थंडगार हवा आणि पायाखालचा गालिचा यांचंच वर्णन ते जास्त करायचे. रॉबर्ट टेलर, नॉर्मा शिअरर ही नावं ते चाळीतल्या बिऱ्हाडकरूंची घ्यावीत तशी घ्यायचे. कोणाचं कोणाशी लग्न झालं, मोडलं, परत झालं, सगळं पाठ. संवाद मला अर्धे कळायचे नाहीत, पण पडद्यावर कोणी जेवायला बसलं की मी सरसावून बसायची. त्या शुभ्र टेबलक्लॉथवर इतके काटेचमचे कशाला लागतात, हे मला कोणीही समजावून सांगू शकलं नाही.

हॉलिवुडची नटी मर्ल ओबेरॉन हिचं नावही आजोबांकडूनच पहिल्यांदा ऐकलं. "ती मुंबईची. पण तिकडे कोणाला सांगू नकोस," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

मर्लकडे यायच्या आधी दुसऱ्या एका पंगतीबद्दल सांगायला हवं. २९ फेब्रुवारी १९४० ची रात्र, लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलातला 'कोकोनट ग्रोव्ह' क्लब, ऑस्करचं जेवण. 'गॉन विथ द विंड'ची मंडळी एकत्र बसलेली. त्याच सिनेमासाठी सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालेल्या हॅटी मॅकडॅनिअलचं टेबल मात्र वेगळं, छोटं, पार भिंतीकडेला. हॉटेलात काळ्या पाहुण्यांना प्रवेशच नव्हता. निर्माता डेव्हिड सेल्झनिकने शब्द टाकला म्हणून तिला आत तरी घेतलं. आदल्या डिसेंबरात अटलांटाला सिनेमाचा पहिला खेळ झाला, तिथे तर तिला नेलंच नव्हतं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. नाव पुकारल्यावर ती त्या कोपऱ्यातून उठून आली, केसांत पांढरी फुलं, मिनिटभर बोलली आणि परत त्याच कोपऱ्यात गेली. हे हॉटेल आता पाडून टाकलंय, त्या जागेवर शाळा उभी आहे.

त्या वर्षी उत्तम चित्रपटाच्या यादीत 'वुदरिंग हाइट्स'ही होता, आणि त्याची नायिका मर्ल. गंमत बघा, त्या वर्षीच्या दोन गाजलेल्या नायिका हिंदुस्थानात जन्मलेल्या. 'गॉन विथ द विंड'ची व्हिव्हियन ली १९१३ साली दार्जिलिंगला, मर्ल १९११ साली मुंबईत. व्हिव्हियन गोऱ्या आईबापांची मानली जात असल्यामुळे दार्जिलिंग हा तिच्या चरित्रातला एक झोकदार तपशील ठरला. मर्लच्या घराण्यात सिलोनचं रक्त होतं, त्यामुळे मुंबई पुसावी लागली. लंडनला निर्माता अलेक्झांडर कोर्डाच्या प्रसिद्धीखात्याने तिचा जन्म थेट टास्मानियात नेऊन ठेवला. लांबचं बेट, कोण जातंय विचारायला!

तिला नावं ठेवणारे खूप भेटतात. मला ते जमत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना 'तुम्ही गोरे नाही' म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि १९४६ पर्यंत ते दार हिंदुस्थानी माणसाला बंदच होतं. कॅलिफोर्नियात आंतरवंशीय लग्नाला १९४८ पर्यंत कायद्याने बंदी. पडद्यावर गोऱ्या-काळ्यांचं प्रेम दाखवायला सिनेमाच्या आचारसंहितेची मनाई. अशा गावात 'मी मुंबईची' म्हणणाऱ्या मुलीला मानाचं पान कोणी मांडलं असतं?

पण एक गोष्ट मलाही गिळवत नाही. तिला वाढवणारी शार्लट तिच्याबरोबर लंडनला राहायची, आणि आल्यागेल्याला तिची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जायची. मर्ल तिला आईच समजत आली होती. नात्याने शार्लट तिची आजी होती, हे उजेडात आलं मर्ल गेल्यावर. शार्लट १९३७ साली वारली. मग १९४९ मध्ये मर्लने एका जुन्या फोटोवरून तिचं तैलचित्र करून घेतलं, चित्रकाराला कातडीचा रंग उजळ करायला सांगून. घरं बदलली, नवरे बदलले, ते चित्र मात्र शेवटपर्यंत तिच्या भिंतीवर राहिलं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी हे आईला सांगितलं. मला वाटलं ती हळहळेल. ती म्हणाली, "त्यात काय, पोरीचं बस्तान बसत असेल तर मीसुद्धा पाहुण्यांना चहा नेऊन दिला असता. पण चित्र मात्र माझ्या रंगाचं काढायचं." पहिल्या अर्ध्या वाक्यावरून आमचं फ्रीमाँट येईपर्यंत वाजलं.

येत्या शनिवारी 'शो पीपल' लावायचा बेत आहे. मूकपट आहे, पाट्या मी मराठीत वाचून दाखवायच्या असं ठरलंय. आईची अट एकच: मधेमधे माहिती सांगायची नाही.