पोलीस भरतीचं ग्राउंड: माझा अनुभव

सातारा जिल्ह्यातला आमचा माण तालुका पळणाऱ्यांचा. ललिता बाबर इथल्याच मोहीच्या. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये त्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचल्या, तेव्हापासून पहाटे रस्त्यानं पळणारी पोरगी दिसली तरी इथं कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे भरतीची तयारी म्हणजे पळणं, असं सगळेच धरून चालतात. पण शिपाई पदाच्या मैदानी चाचणीचे मार्क बघा. मुलींना ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. म्हणजे ५० पैकी ३० मार्कांत नुसत्या दमावर भागत नाही.

आमचे सर म्हणायचे, दम, ताकद, वेग आणि लवचिकता ही बँकेतली वेगवेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. हे पटलं ते ८०० मीटरनं. पूर्ण मार्कांना २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यावं लागतं. आमच्यातल्या आरामात पाच किलोमीटर पळणाऱ्या पोरीसुद्धा दुसऱ्या राउंडच्या मध्यावर बसायच्या, कारण तिथं पाय भरून येतात. मग एक दिवस ४०० मीटर जोरात, चालत श्वास खाली आणायचा, परत ४०० मीटर. आणि एक दिवस लांब पल्ला, शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगात.

एवढं करूनही माझा टायमिंग हलेना आणि चढावर धाप लागायची. सरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं; बायकांना निदान १२ हवं. स्नायूंना ऑक्सिजन पोचवतं तेच कमी असेल तर सराव वाढवून काय होणार? डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या, चहाच्या आसपास नाही. घरातला दोन वेळचा चहा सुटणं हे पळण्यापेक्षा अवघड गेलं, खरं सांगते. पण काही महिन्यांत धाप गेली आणि मग टायमिंग खाली यायला लागला. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलीनं आधी ही तपासणी करावी, असं माझं मत आहे.

गोळाफेकीत मात्र मला खरी गोडी लागली. मुलींचा गोळा ४ किलोचा, आणि पूर्ण मार्कांना ६ मीटर. नवीन पोरी तो तळहातात धरतात आणि दगड भिरकावल्यासारखा हात फिरवतात. खांदा दुखतो आणि गोळा पुढ्यातच पडतो. तो बोटांच्या मुळाशी धरायचा, हनुवटीखाली मानेला टेकवायचा, कोपर खाली पडू द्यायचं नाही. जोर खालून येतो: मागचा पाय, कंबर, छाती आणि सगळ्यात शेवटी हात. म्हणून सर गोळा हातात देण्याआधी बैठका, लंजेस (एक पाय पुढं टाकून गुडघ्यात वाकणं) आणि जोर काढून घ्यायचे. बैठका वाढल्या तसं माझं वजन थोडं वाढलं आणि सलवारीची नाडी मात्र आत घ्यावी लागली. आई काळजीत पडली, "अगं, पळून पळून वजन वाढतंय कसं?" चरबी उतरून स्नायू भरला की असं होतं. मटकीची उसळ, शेंगदाणे, उकडलेली अंडी एवढाच माझा खुराक होता, डबेवाली पावडर नाही.

१०० मीटरचं थोडक्यात सांगते. पूर्ण मार्कांना १४ सेकंद. तीस-तीस मीटरचे स्टार्ट मारायचे आणि मध्ये पुरती विश्रांती घ्यायची. दमलेल्या पायांनी वेग वाढत नाही. लवचिकतेकडे पोरं दुर्लक्ष करतात आणि नडगी धरून बसतात. पळण्याआधी पाय झुलवून अंग मोकळं करायचं, ताण देऊन थांबायचं ते पळून झाल्यावर.

ग्राउंडच्या दिवशी पहाटेपासून रांग. कागदपत्रं, मग उंची (मुलींना १५५ सेंटिमीटर), छातीवर नंबर, पायाला वेळ मोजणारी चिप. वाट बघण्यातच अंग गार पडतं, म्हणून माझा नंबर येईपर्यंत मी कडेला हलत राहिले. ८०० मीटरला पहिल्या वळणावर सगळ्या सुसाट सुटल्या, मी आपल्या वेगात राहिले आणि दुसऱ्या राउंडला एकेकीला मागं टाकलं. गोळ्याचा पहिला थ्रो घाबरून आखूड गेला, दुसरा चांगला लागला.

मैदानीत निम्मे मार्क मिळवावे लागतात, आणि लेखीला एका जागेमागे दहाच जण घेतात. त्या यादीत माझं नाव आलं. आता १०० मार्कांच्या लेखीसाठी दिवसभर खुर्चीत बसते, आणि कंबर आखडली की उठून बैठका मारते.