वॉकरची फळी: सहा बोटी झाल्या, सातवी टेबलावर

पाच महिने बोटींच्या मॉडेलांचं टेबल बंद होतं. पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या घरात प्रायमर वाळतच नाही. वाळल्यासारखा दिसतो, आणि बोट टेकवलं की ठसा उमटतो. गणपती गेले, हवा जरा कोरडी झाली, तेव्हा कुठे खोकं उघडलं. म्हणून ही नोंद उशिरा आणि लांबलचक.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. फ्रेडरिक जॉन वॉकर या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने ज्या बोटींवर नोकरी केली, त्यांतल्या सातांची मॉडेलं मी १:७०० या एकाच स्केलमध्ये करतेय आणि नोकरीच्या क्रमाने एका फळीवर लावतेय. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्या बुडवण्यात याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मी त्याच्या मागे लागले ते वेगळ्याच कारणाने. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा हा त्रेचाळीस वर्षांचा, बढतीत डावललेला कमांडर होता. लवकर घरी पाठवायच्या यादीत त्याचं नाव लागलेलं होतं.

फळी डावीकडून बघितली तर ही गोष्ट दिसते. पहिली एजॅक्स, १९१४ च्या वेळची भलीमोठी युद्धनौका, या स्केलमध्ये सव्वीस सेंटिमीटर. वॉकर तिच्यावर मिडशिपमन, म्हणजे उमेदवारी करणारा पोरगा. मग मर्मेड आणि सार्पेडन या पहिल्या महायुद्धातल्या दोन विनाशिका. त्यांच्याबद्दल मागे लिहून झालंय. पुढे दोन युद्धांच्या मधल्या काळात त्याने पुन्हा मोठ्या युद्धनौकांवर वर्षं काढली. त्या मी गाळल्या, कारण फळीची लांबी १२० सेंटिमीटर आणि माझा पगार ठरलेला.

चौथी बोट शिकारी. होय, आपलाच शब्द, ब्रिटिशांनी उचलून विनाशिकेला दिलेला. १९१९ साली पाण्यात उतरलेली ही बोट १९३३ मध्ये वॉकरकडे आली. स्वतः कप्तान असण्याची त्याची ही पहिलीच वेळ. त्या काळात शिकारीकडे काम मोठं गमतीचं होतं: सेंच्युरियन नावाची जुनी युद्धनौका वर एकही माणूस न ठेवता रेडिओवरून चालवायची आणि बाकीच्या आरमाराने तिच्यावर तोफांचा नेम धरायचा. आता सेंच्युरियन आणि एजॅक्स एकाच वर्गातल्या, सख्ख्या बहिणी. पोरवयात जिच्यावर उमेदवारी केली तिच्याच बहिणीला तोफेच्या तोंडी देणारी बोट याच्या वाट्याला आली! हे लक्षात आलं त्या रात्री मी दोन्ही मॉडेलं शेजारीशेजारी ठेवून बराच वेळ बसले होते. शिकारीच्या एरिअलसाठी स्प्रूचा, म्हणजे किटचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिचा, तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढला. सहा वेळा तुटला, सातव्यांदा केसासारखा धागा आला.

याच शिकारीचं आणखी एक. जर्मनांनी कोंडलेलं सैन्य फ्रान्समधल्या डंकर्कहून बोटींनी हलवलं, तेव्हा ४ जून १९४० च्या पहाटे ३:४० ला ते बंदर सोडणारी शेवटची बोट ती. त्या दिवसांत वॉकर समुद्रापलीकडे इंग्लंडमधल्या डोव्हरला, ॲडमिरल रॅमसे यांच्या हाताखाली, किनाऱ्यावरच्या कचेरीत होता.

पाचवी फाल्मथ, चीनकडच्या आरमारातली स्लूप, म्हणजे छोटी लढाऊ बोट. हिचा मुख्य उपयोग तिथल्या सरसेनापतीची ने-आण. युद्ध नाही, धावपळ नाही. पाहुणे, झेंडे, चकचकीत पितळ. पांढरं शरीर आणि फिकट पिवळं धुराडं. प्लॅस्टिकवर पांढरा रंग चढवणं म्हणजे शिक्षा असते. पातळ पातळ पाच हात मारले तरी कोपऱ्यांतून राखाडी डोकावतच होता. शेवटी धुराडं काढून वेगळं रंगवलं.

फाल्मथनंतर फळीवर बारा सेंटिमीटर जागा मी मुद्दाम रिकामी ठेवलीय. शेजारचे काका परवा म्हणाले, "एक बोट बुडाली वाटतं तुमची." काका, ती बुडूच शकत नाही, कारण ती बोटच नाही. ती ऑस्प्रे. नाव जहाजाचं, कागदोपत्री जहाजच, पण प्रत्यक्षात इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या किनाऱ्यावरची पाणबुडीविरोधी युद्धाची शाळा. विसाच्या दशकात, ती नवी असताना, वॉकर तिथे शिकला. १९३७ मध्ये तिथेच प्रयोगांचा प्रमुख म्हणून परत गेला. ॲस्डिक, म्हणजे पाण्याखाली आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकायचं यंत्र, त्याच्यावर हा माणूस वर्षानुवर्षं बसला. त्या काळात आरमारात मान मोठ्या तोफांना होता आणि पाणबुडी शोधणारे म्हणजे कोपऱ्यातली माणसं. त्याची बढती हुकली ती याच वर्षांत आणि तो घडलाही याच वर्षांत. माझ्या मते त्याच्या नोकरीतली सर्वांत महत्त्वाची 'बोट' हीच, आणि नेमकी तिचंच मॉडेल होत नाही. तिथे इमारत करून ठेवावी असं एक-दोघांनी सुचवलं. नको. जागा रिकामीच बरी.

सहावी स्टॉर्क, याच महिन्यात पूर्ण झाली. १९३६ ची, मुळात समुद्र मोजायला बांधलेली सर्वेक्षण बोट. तोफा मागाहून चढवलेल्या. डिसेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरहून ३२ व्यापारी जहाजांचा एचजी ७६ हा काफिला निघाला, त्याच्या राखणीची सूत्रं वॉकरने स्टॉर्कवरून हलवली. आठवडाभरात चार पाणबुड्या बुडवल्या. त्याच्या बाजूच्या दोन लढाऊ बोटी, स्टॅन्ली आणि विमानवाहू ऑडॅसिटी, बुडाल्या, पण व्यापारी जहाजं दोनच गेली. यातली यू-५७४ ची गोष्ट वाचली तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले. १९ तारखेच्या रात्री ती पाणबुडी पृष्ठभागावर येऊन स्टॉर्कपुढे गोल गोल पळत होती, स्टॉर्कच्या वळणाच्या जेमतेम आतून. अकरा मिनिटं, तीन फेऱ्या. अंतर इतकं कमी की तोफांची तोंडं तेवढी खाली झुकेनात. तोफेवरचे लोक मुठी आवळून शिव्या घालत राहिले. शेवटी स्टॉर्कने तिला सरळ धडक दिली.

म्हणून माझी स्टॉर्क चेपलेल्या नाकाची आहे. ही कल्पना सुचायला सोपी, निस्तरायला महाग. पहिल्यांदा नाकाडाला गरम सुरी लावली तर अख्खा पुढचा भाग चीझसारखा ओघळला. तो कापून टाकला, प्लॅस्टिक शीटचा नवा बसवला, जोडावर पुट्टी, मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर. दुसऱ्या खेपेला आतून जाडी कोरून कमी केली आणि चिमट्याने थोडं थोडं वाकवलं. धातूचा पत्रा मुडपावा तसं आता दिसतं. पूर्ण समाधान नाही, पण हात आवरला.

आता टेबलावर स्टारलिंग. फळीवरची सगळ्यांत प्रसिद्ध बोट, आणि जेमतेम तेरा सेंटिमीटर! एजॅक्सच्या बरोब्बर निम्मी. ब्लॅक स्वान वर्गाची सुधारित स्लूप, सहा चार-इंची तोफा, वेग वीस नॉटच्या आसपास, पोटात शंभरावर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात खोल जाऊन फुटणारे बॉम्ब. १९४३ मध्ये वॉकरने 'दुसरा सपोर्ट ग्रुप' ही पाणबुड्या शोधणाऱ्या बोटींची तुकडी या बोटीवरून चालवली. आता काफिल्याला चिकटून राहायचं बंधन नव्हतं. पाणबुडी सापडली की ती संपेपर्यंत थांबायची मुभा होती. जूनमध्ये यू-२०२ च्या मागे हे लोक सुमारे पंधरा तास होते. १९४४ च्या जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, एकाच फेरीत सहा पाणबुड्या. परतताना त्यांची वुडपेकर ही बोट मात्र गेली.

रंगाचं काम झालं. चित्रकार पीटर स्कॉटने आखलेली पांढऱ्या, फिकट निळ्या, फिकट हिरव्या पट्ट्यांची अटलांटिकची रंगसंगती. मास्किंग टेप सोलताना निळ्याचा एक पापुद्रा सुटला. तो डाग समुद्राच्या पाण्याने खाल्लेला आहे असं मी जाहीर केलंय.

अडकले होते ते मांडणीवर. वॉकरची खास चाल अशी: खोल गेलेल्या पाणबुडीच्या अगदी जवळ गेलं की ॲस्डिकचा झोत तिच्या वरून निघून जातो, ती हरवते. शिवाय बोटीने वेग घेतला की खालच्यांना पंख्याचा आवाज ऐकू जातो आणि ती वळते. मग एक बोट हजारएक यार्ड मागे राहून प्रतिध्वनी धरून ठेवायची, आणि दुसरी, स्वतःचं ॲस्डिक बंद करून, पाचएक नॉटने मांजरीसारखी पाणबुडीच्या डोक्यावर जायची. मागची सांगणार, पुढची डेप्थ चार्जची ओळच्या ओळ सोडणार. खालच्यांना पत्ताच नाही.

हे दोन बोटींत एका पाटावर दाखवायचं ठरवलं आणि गणित केलं. हजार यार्ड म्हणजे १:७०० मध्ये १३० सेंटिमीटर. फळीपेक्षा जास्त! आणि ७०० फूट खोली म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर. आडवं अंतर जमत नव्हतं म्हणून नाद सोडणार होते, तेवढ्यात वरच्या फळीपासून खालच्या फळीचं अंतर मोजलं. साडेतीस.

तर पाणबुडी खालच्या फळीवर जाणार. साडेनऊ सेंटिमीटरची, काळपट राखाडी, लाइट बिलांच्या फाइलीशेजारी, बरोब्बर वाइल्ड गूज या वॉकरच्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या बोटीच्या खाली. स्टारलिंग पलीकडच्या भिंतीवरच्या छोट्या कोनाड्यात, १३० सेंटिमीटरवर. म्हणजे एक आठवी बोट वाढली. घरात अजून सांगितलेलं नाही.

वॉकर ९ जुलै १९४४ ला लिव्हरपूलमध्ये गेला, मेंदूतल्या रक्ताच्या गाठीने, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आदल्याच ऑगस्टमध्ये त्याचा मुलगा पार्थियन या पाणबुडीबरोबर बुडाला होता. देह हेस्परस या विनाशिकेवरून समुद्रात सोडला. त्याचा स्वतःचा ग्रुप तेव्हा मोहिमेवर होता. स्टारलिंग पुढे नेव्हिगेशन शिकवायला वापरली आणि १९६५ मध्ये भंगारात गेली.

याच वर्गातल्या बोटी आपल्याकडेही होत्या: सतलज, जमना, नर्मदा, गोदावरी, कावेरी, कृष्णा. नर्मदा आणि जमना १९४६ च्या मुंबईतल्या नाविकांच्या बंडात होत्या. कावेरी तर डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज युद्धनौकेवर तोफा डागणाऱ्या बोटींत होती. स्टारलिंगसाठी कापलेले प्लॅस्टिक शीटचे साचे मी जपून ठेवलेत, कावेरीसाठी. कोणाकडे कावेरीचा १९६१ च्या आसपासचा, मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो असेल तर सांगा. मागचा डेक तेव्हा कसा होता ते पाहिल्याशिवाय सुरी चालवणार नाही.